व्हायरस आला, की कोणी पाठवला?

धुळ्यात माझे एक मावसभाऊ राहतात. दुचाकीच्या स्पेअर पार्टचे छोटे दुकान आहे. घरात लहानथोर सगळे त्यांना भाईजान म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या व्हॉट्सअॅपवर ओळखीच्या एका गिऱ्हाइकाच्या नंबरवरून फाईल आली. नाव ‘आरटीओ चलन’, आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन तीन अक्षरे: ए, पी, के. भाईजान रोज हेल्मेट न घालता पारोळा रोडने ये-जा करतात. त्यांना वाटले, सापडलो एकदाचे कॅमेऱ्यात.

त्यांनी फाईलवर बोट ठेवले. अनोळखी ठिकाणचे अॅप टाकायचे का, असे फोनने विचारले. त्यांनी हो म्हटले. अॅपने मेसेज वाचण्याची परवानगी मागितली. तिलाही हो. मग पाचशे रुपये दंड भरण्याचा फॉर्म आला, त्यात कार्डाचा नंबर भरला. पेमेंट झाले नाही असे दिसले. दुकानात गिऱ्हाईक उभे होते, फोन बाजूला ठेवून दिला. रात्रीतून खात्यातले अडतीस हजार पाचशे रुपये दोन हप्त्यांत गेले. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले पैसे होते.

पैसे गेले त्याचे दुःख आहेच. पण हा लेख त्यानंतर त्यांना जे ऐकावे लागले त्यासाठी लिहितो आहे. बँकेतला कर्मचारी म्हणाला, “चाचा, तुम्हीच कुणाला तरी ओटीपी सांगितला असणार.” भाईजान शपथ घेऊन सांगत होते की कोणाचा फोन आला नाही, मी कोणाला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तीच फाईल त्यांच्या नंबरवरून मोहल्ल्याच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेली. दोघांनी ती उघडली. मोहल्ला म्हणाला, “भाईने पाठवली.” आणि ग्रुपवर कोणीतरी लिहिले, “त्यांचा नंबर ब्लॉक करा, त्यांच्या फोनमध्ये व्हायरस आहे.” पुढचे दोन-तीन आठवडे लोक त्यांचा फोन उचलत नव्हते. दुकानात आलेले एक गृहस्थ क्यूआर कोड स्कॅन करायलाही घाबरले, रोख पैसे देऊन गेले.

ओटीपी त्यांनी सांगितला, फाईल त्यांनी पाठवली, त्यांच्या फोनचा व्हायरस दुसऱ्याला लागेल, ही तिन्ही विधाने चुकीची होती. आणि तिन्हींच्या मुळाशी एकच अज्ञान होते. आपण संगणकात किंवा फोनमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक घातक गोष्टीला ‘व्हायरस’ म्हणतो आणि तिथेच विचार थांबवतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. संगणक हा माझा विषय नाही. पण शब्द हा माझा विषय आहे, म्हणून हे धाडस करतो. ‘पाऊस आला’, ‘ताप आला’, ‘व्हायरस आला’ ही वाक्ये एका साच्यातली वाटतात. पाऊस कोणी पाठवत नाही. फोनमधला प्रोग्राम मात्र कोणीतरी बसून लिहिलेला असतो, कोणीतरी विकलेला असतो, कोणीतरी पाठवलेला असतो. ‘आला’ म्हटले की खरा कर्ता वाक्यातून गायब होतो, आणि मग त्या रिकाम्या जागी जो समोर दिसेल त्याला, म्हणजे भाईजानला, बसवले जाते.

याची सुरुवात शाळेतच होते. संगणकाच्या तासाला व्हायरसचे ‘फुल फॉर्म’ पाठ करून घेतले जाते: व्हायटल इन्फर्मेशन रिसोर्सेस अंडर सीज. गाईडमध्ये असते, क्लासच्या नोट्समध्ये असते, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतही असते. मीही बीएड करताना हे पाठ केले होते. वाचकहो, हे सपशेल खोटे आहे. व्हायरस हे कशाचेही संक्षिप्त रूप नाही. तो लॅटिन शब्द आहे, अर्थ ‘विष’. १९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रोग्रामला चिकटून स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्राम करून दाखवला आणि त्याचे शिक्षक लिओनार्ड एडलमन यांनी त्याला आजाराच्या विषाणूवरून हे नाव सुचवले. नंतर कोणीतरी मागाहून अक्षरे जुळवून लांबलचक रूप तयार केले आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या घोकत बसलो. या घोकंपट्टीतून मुलाला कळत काहीच नाही. व्हायरस काय करतो, कसा शिरतो, वर्मपेक्षा वेगळा कसा, यातले एकही उत्तर त्या फुल फॉर्ममध्ये नाही.

गंमत अशी की नेमके ओळखणे आपल्या खान्देशाला नवे नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जाऊन “रोग आलाय” म्हणा. शेतकरी लगेच विचारेल, कोणता? करपा असेल तर ती बुरशी आहे. पाने काढा, फवारणी करा. सीएमव्ही असेल तर तो विषाणू आहे, मावा किडीमार्फत पसरतो, त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करावे लागते आणि माव्याचा बंदोबस्त करावा लागतो. २०२० मध्ये सीएमव्हीने इथल्या बागांचे काय केले ते आठवत असेल. कपाशीची बोंडअळी असेल तर कामगंध सापळे. करप्याचे औषध बोंडअळीवर मारणाऱ्याला गाव हसेल. जो शेतकरी शेतात इतका नेमका असतो, तोच फोन हातात आला की “व्हायरस आला” म्हणून मोकळा होतो. दोष त्याचा नाही. त्याला फरक कोणी सांगितलाच नाही.

तो फरक माझ्या परीने सांगतो. अशा सगळ्या प्रोग्रामना मिळून एक शब्द आहे, मालवेअर. मराठीत आपण ‘घातक प्रोग्राम’ म्हणू. व्हायरस हा त्यातला फक्त एक प्रकार. कोणताही घातक प्रोग्राम ओळखायचा तर दोन प्रश्न विचारावेत. पहिला, तो आत कसा आला? दुसरा, आत येऊन त्याने काय केले? लोक हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि गोंधळ तिथेच होतो.

आधी पहिला प्रश्न. आत येण्याचे तीन मुख्य मार्ग.

व्हायरस स्वतःच्या पायावर उभा नसतो. तो दुसऱ्या फाईलला, प्रोग्रामला किंवा डिस्कला चिकटतो, आणि माणसाने ती वस्तू वापरली की जागा होऊन आणखी ठिकाणी चिकटतो. पर्सनल कॉम्प्युटरवर पसरलेला पहिला प्रसिद्ध व्हायरस १९८६ मधला ‘ब्रेन’. तो लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिला होता. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरून नक्कल होऊ नये म्हणून केला, असे त्यांचे म्हणणे. त्यात त्यांनी आपली नावे, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा लिहून ठेवले होते. फ्लॉपी एका मशीनमधून दुसऱ्यात गेली की ब्रेनही जाई. ‘मायकेलअँजेलो’ हाही त्याच फ्लॉपीच्या काळातला. त्या व्हायरसवर उपाय शोधताना पुण्यात संजय काटकरांनी लिहिलेल्या प्रोग्रामपासून पुढे ‘क्विक हील’ उभे राहिले. थोरले बंधू कैलास काटकर मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे, कॅल्क्युलेटर दुरुस्त करून पोट भरणारे. एका उपमहाद्वीपात दोन भावांनी व्हायरस लिहिला आणि दोन भावांनी त्याचे औषध विकले, हे मला नेहमी नवलाचे वाटते.

वर्म म्हणजे किडा. त्याला चिकटायला दुसरी फाईल लागत नाही आणि अस्सल वर्मला माणसाच्या बोटाचीही गरज नसते. जाळ्यात जोडलेल्या मशीनमध्ये कुठे फट राहिली आहे ते तो स्वतः शोधतो आणि सरकत जातो. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने त्या काळच्या इंटरनेटची हजारो मशीन अडवली. १२ मे २०१७ चा ‘वॉनाक्राय’ तर दीडशेच्या आसपास देशांत पोहोचला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. ज्यांनी ते टाकले होते ते वाचले. म्हणून वर्मवरचा उपाय वेळच्या वेळी अपडेट करणे. इथे “अनोळखी लिंक उघडू नका” हा उपदेश कामाचा नाही, कारण कोणी काही उघडलेलेच नसते.

तिसरा ट्रोजन. ग्रीक कथेतल्या लाकडी घोड्यावरून हे नाव पडले. पण आपल्या मुलांना मी अलीबाबाची गोष्ट सांगतो, ती सर्वांना ठाऊक आहे. चोरांचा सरदार तेलाचा व्यापारी बनून येतो. तेलाच्या रांजणांत त्याची माणसे दडलेली असतात. अलीबाबा स्वतः दार उघडतो, पाहुण्याला जेवू घालतो, रांजण अंगणात ठेवू देतो. ट्रोजन असाच असतो. तो बाहेरून काहीतरी उपयोगी असल्याचे भासवतो आणि घरधनी स्वतः त्याला आत घेतो. तो आपल्या प्रती काढत नाही, आपोआप दुसरीकडे जात नाही. भाईजानच्या फोनवर आलेले ‘आरटीओ चलन’ हे ट्रोजन होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याला लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल हेही ट्रोजनच. त्या एका पत्रिकेने सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये नेले.

आता दुसरा प्रश्न, आत येऊन काय केले? इथे प्रकार वेगळे आहेत. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे ते रॅन्समवेअर. गुपचूप पाहणारे, ऐकणारे, मेसेज वाचणारे ते स्पायवेअर. बँकेचे तपशील आणि ओटीपी पळवणारे असतात, आणि दूर बसलेल्या माणसाच्या हाती अख्खे मशीन देणारेही असतात. एकच प्रोग्राम दोन्ही यादीत असू शकतो. वॉनाक्राय येण्याच्या रीतीने वर्म होता, कामाने रॅन्समवेअर होता. भाईजानचा पाहुणा येण्याच्या रीतीने ट्रोजन आणि कामाने चोर-हेर.

नाव चुकले तर केवढे महाग पडते याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातले. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ जगभर पसरला आणि नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातले मर्स्क समूहाकडचे टर्मिनल ठप्प झाले. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती, म्हणून सुरुवातीला सर्वांनी त्याला रॅन्समवेअर समजले. प्रत्यक्षात पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. तो खंडणीखोराच्या वेशातला विध्वंसक होता. ज्यांनी खंडणी भरली त्यांचे पैसेही गेले आणि फायलीही.

आणि काही फसवणुकींत घातक प्रोग्राम असतोच कुठे? “केवायसी बंद पडेल” म्हणून फोन येतो आणि माणूस स्वतः ओटीपी वाचून दाखवतो. पोलिसाच्या गणवेशातला कोणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करतो आणि घाबरलेले म्हातारे पैसे पाठवतात. इथे फोन निरोगी असतो. कितीही अँटिव्हायरस टाका, उपयोग नाही. ही जुनी थापेबाजी आहे, साधन तेवढे नवे. हिलाही लोक “फोनमध्ये व्हायरस गेला” म्हणतात.

आता भाईजानवरच्या तीन आरोपांकडे परत येतो. ओटीपी त्यांनी सांगितला नाही. मेसेज वाचण्याची परवानगी मिळाल्यावर अॅपने तो वाचला आणि चोराकडे पाठवला. फाईल त्यांनी पाठवली नाही, त्यांच्या फोननेही नाही. चोराने त्यांचा नंबर वापरून दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअॅप सुरू केले, त्यासाठी आलेला कोडही त्याच अॅपने पळवला, आणि मग चोरच भाईजान बनून ग्रुपवर बोलू लागला. म्हणून तर त्यांच्या स्वतःच्या फोनवरचे व्हॉट्सअॅप बंद पडले होते. आणि त्यांचा नंबर सेव्ह असल्याने किंवा दुकानातला क्यूआर कोड स्कॅन केल्याने हे कोणाला ‘लागण्याची’ शक्यता शून्य होती. ट्रोजन संसर्गजन्य नसतो. पण ‘व्हायरस’ हा शब्द उच्चारला की संसर्गाची भीती आपोआप येते आणि माणूस वाळीत पडतो. २०२० मध्ये खऱ्या विषाणूला एका समाजाचे नाव चिकटवले गेले तेव्हा भाजीवाल्यांपर्यंत काय झाले, हे या ब्लॉगच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच मोहल्ल्याने आपल्याच माणसाशी तसे वागावे, याचे मला जास्त वाईट वाटले.

त्यांची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. होती. अनोळखी अॅप टाकले, मेसेजची परवानगी दिली, कार्डाचा नंबर भरला. पण फसून दार उघडणे वेगळे आणि चोराला किल्ली सांगणे वेगळे. हा फरक मी शब्दच्छल म्हणून करत नाही. त्यावर पैसे अवलंबून असतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात असे होते की दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तिसऱ्याच कोणी व्यवस्थेत घुसखोरी केली, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर होता. आता काउंटरवरचा माणूस चौकशीआधीच “ओटीपी तुम्हीच सांगितला” असे म्हणत असेल, तर तो निकालच देऊन मोकळा होतो. भाईजान आणि बँक यांच्यात निष्काळजीपणावर वाद होऊ शकतो, मला मान्य आहे. पण वाद खऱ्या घटनेवर व्हावा.

मोठ्यांच्या बाबतीत हा न्याय कसा वेगळा असतो ते पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. १९०६ पासूनची, नावाजलेली सहकारी बँक. चोरांनी घातक प्रोग्रामच्या मदतीने कार्डाचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली बनावट यंत्रणा उभी केली. ११ ऑगस्टला नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून आणि भारतातल्या शहरांतूनही पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. एकाही खातेदाराने काही उघडले नव्हते, कोणाला काही सांगितले नव्हते. नंतर एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. त्या वेळी बातम्यांत शब्द कसे होते? ‘सायबर हल्ला’. बँकेवर हल्ला झाला, आणि भाईजानच्या फोनमध्ये व्हायरस आला. मोठी संस्था बळी ठरते, आणि साधा माणूस मूर्ख ठरतो.

याहून गंभीर प्रसंगही महाराष्ट्राने पाहिला आहे. एल्गार परिषद प्रकरणात जून २०१८ मध्ये रोना विल्सन यांना पुणे पोलिसांनी अटक केली. त्यांच्या लॅपटॉपमधली पत्रे हा मोठा पुरावा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेचा तपासणी अहवाल बाहेर आला. त्यात म्हटले होते की ईमेलमधल्या फाईलच्या आडून ‘नेटवायर’ नावाचा, दुरून मशीन चालवू देणारा प्रोग्राम त्या लॅपटॉपमध्ये शिरवला गेला आणि बावीस महिने तो कोणाच्या तरी ताब्यात होता. पत्रे बाहेरून ठेवली गेली असे अहवालाचे म्हणणे. तपास यंत्रणेने हा अहवाल मान्य केलेला नाही. त्यावर निर्णय देणे न्यायालयाचे काम आहे, माझे नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, तेव्हा आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. मला एवढेच सांगायचे आहे की “फाईल तुमच्या मशीनमध्ये सापडली” आणि “फाईल तुम्ही ठेवली” ही दोन वेगळी विधाने आहेत. ट्रोजन म्हणजे काय हे ज्याला कळते त्यालाच हा फरक दिसतो. ज्या समाजातल्या पोरांचे फोन चौकशीत सहज मागितले जातात, त्या समाजाने तर हा धडा आधी शिकायला हवा.

आपल्या कायद्याने हा फरक बऱ्यापैकी ओळखला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये दोन शब्दांच्या व्याख्या आहेत: संगणक व्हायरस, आणि त्याहून व्यापक असा संगणक दूषक. व्हायरसच्या व्याख्येत दुसऱ्याला चिकटणे आणि तो प्रोग्राम चालला की जागे होणे आहे. दूषकाच्या व्याख्येत माहिती बदलणे, नष्ट करणे, नोंदवून घेणे, बाहेर पाठवणे हे सारे येते. भाईजानच्या फोनमध्ये होता तो दूषक. आणि कलम ६६ नुसार ही कृत्ये फौजदारी गुन्हा ठरायची तर ती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेली हवीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याच्या नावाने चोराने फाईल पाठवली त्याच्यात कपट नव्हते. कायदा हेतू विचारतो. मोहल्ल्याने तोही विचारला नाही.

मग करायचे काय? माझ्या तीन मागण्या आहेत, तिन्ही साध्या.

पहिली बँकांकडे. तक्रार घेताना “ओटीपी दिला का?” एवढेच विचारू नका. अॅप टाकले होते का, कोठून आले, कोणती परवानगी दिली, हेही विचारा आणि लिहून घ्या. तक्रारदाराला आरोपीसारखे वागवू नका. लाज वाटली की माणूस तीन दिवस घरी बसून राहतो, आणि तेच दिवस महत्त्वाचे असतात.

दुसरी आम्हा शिक्षकांकडे. फुल फॉर्म बंद करा. त्याऐवजी मुलांना फाईलचे शेपूट वाचायला शिकवा. मराठीत शब्दाचे वाक्यातले काम प्रत्ययावरून कळते. ‘रामाने’ आणि ‘रामाला’ यांत राम तोच, काम वेगळे. फाईलचेही तसेच आहे. टिंबानंतरची अक्षरे तिचे काम सांगतात. पीडीएफ हा कागद आहे. एपीके हे अॅप आहे, म्हणजे घरात राहायला येणारा पाहुणा. लग्नपत्रिका, चलन, बँकेची नोटीस यांतले काहीही एपीके होऊन येण्याचे कारण नाही. ४ मे २०००ला सुटलेल्या ‘आय लव्ह यू’ने हीच चलाखी केली होती. फाईल प्रेमपत्राच्या साध्या मजकुरासारखी दिसे, कारण विंडोज शेवटचे शेपूट लपवून ठेवत असे. आणि खरे शेपूट तेच होते.

तिसरी आपल्या सर्वांकडे. ओळखीच्या नंबरवरून विचित्र फाईल आली तर आधी त्या माणसाला साधा फोन करा, व्हॉट्सअॅप कॉल नको. बहुतेक वेळा त्याला माहीतच नसते. अॅप टाकले गेलेच असेल तर लगेच इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. घाईघाईत फोन पूर्ण पुसू नका. आधी फाईल, मेसेज आणि व्यवहारांचे फोटो काढून ठेवा, तेच तुमचे साक्षीदार आहेत. जुम्म्याला मशिदीत इतर सूचना होतात, ग्रामपंचायतीत दवंडी होते, त्यात हे दोन वाक्यांत सांगता येईल. उर्दूत, मराठीत, अहिराणीत, ज्याला जे कळेल त्यात.

मागच्या महिन्यात एरंडोल-पारोळामार्गे बसने धुळ्याला गेलो तेव्हा भाईजानच्या दुकानात बसलो होतो. तक्रार अजून चालू आहे, पैसे परत आलेले नाहीत. मुलीचा प्रवेश उसनवारी करून झाला. अलीबाबाच्या गोष्टीत रांजणांतले चोर ओळखणारी मरजीना घरकाम करणारी मुलगी असते, घरातला कोणी विद्वान नाही. इथेही तसेच झाले. सारा प्रकार उलगडून त्यांच्या नर्सिंगवाल्या मुलीने मोहल्ल्याच्या ग्रुपवर लिहिला. मी फक्त शुद्धलेखन तपासले. तिचे पहिले वाक्य असे होते: “आमच्या फोनमध्ये व्हायरस आला नव्हता, एका चोराने अब्बूंना खोटे अॅप पाठवून फसवले, आणि मग अब्बूंचे नाव घेऊन तुम्हाला फसवले.”

या वाक्यात कर्ता जागेवर आहे. त्या दिवशी संध्याकाळी दोन शेजारी दुकानात येऊन बसून गेले. रोख देऊन गेलेले ते गृहस्थही पुन्हा आले म्हणे, ब्रेक शू घ्यायला. या खेपेला त्यांनी क्यूआर कोड स्कॅन केला.